परतीची वाटी

मुलगी येणार म्हणून चिल्लरकाकांनी सकाळीच कपाटातले सगळे डबे बाहेर काढले, पुसले, टेबलावर मांडले आणि मग एक सोडून सगळे पुन्हा आत ठेवून दिले. तो एक डबा पत्र्याचा होता, बिस्किटांचा, झाकणावरचं चित्र केव्हाच उडालेलं. तो त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला. मग वाटलं, असा समोर दिसला तर ती आल्या आल्या त्याच्याकडेच बघेल, म्हणून कडेला सरकवला. मग वाटलं, कडेला ठेवला तर तिचं लक्षच जायचं नाही. शेवटी त्यांनी त्याच्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि स्वतःवरच चिडून खुर्चीत बसले.

चिल्लरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ज्या माणसानं सगळी नोकरी रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनमधली नाणी गोळा करण्यात घालवली, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? सकाळी खांद्याला कातडी पिशवी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि मग या रस्त्यावरून त्या रस्त्यावर. काचेच्या खोक्यात शिरायचं, फोनच्या पोटातलं दार किल्लीनं उघडायचं, गल्ला बाहेर ओढायचा, पिशवीत रिकामा करायचा, गल्ला परत सरकवायचा, दार लावायचं. बाहेर कुणी ताटकळत उभं असेल तर त्याला म्हणायचं, "या, पोट साफ केलं त्याचं, आता भूक लागली असेल."

पिशवीत नाणी पडताना त्यांचा कान तिकडे असायचा. खरं नाणं खणखणतं, खोटं बद्द वाजतं. तेवढ्या आवाजावरून ते पिशवीत हात घालत आणि नेमकं खोटं बोटात धरून बाहेर काढत. लोक फोनला काय काय खायला घालतात, हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. ठोकून चपटी केलेली कोटाची गुंडी. चमच्यात वितळवून ओतलेलं शिसं. चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला पुठ्ठा. परमुलखातली नाणी, ज्यांच्यावरची अक्षरं कुणालाच लागत नाहीत. एकदा एक गल्ला नुसताच ओला निघाला. कुणीतरी बर्फाच्या चकत्या करून टाकल्या होत्या. काकांच्या संग्रहात तेवढा एकच नमुना नव्हता, आणि त्याची त्यांना कायम हळहळ वाटायची.

होय, हाच त्यांचा संग्रह. फोनच्या खात्याला ही रद्दी नको होती. हेडक्लार्क म्हणाला होता, "न्या बाबा घरी, इथे केर वाढवू नका." ते न्यायला लागले. राजाराण्यांचे छाप असलेली नाणी जपणारे पुष्कळ असतात, त्यांना प्रदर्शनं असतात, मखमलीच्या पेट्या असतात. काकांनी जपली ती न चालणारी नाणी. एकदा शाळेच्या धावण्याच्या शर्यतीतलं पदक कडेनं घासून नाण्याएवढं केलेलं सापडलं. ते हातात घेऊन काका किती तरी वेळ उभे राहिले. पदक घासायला लागावं असं कुणाशी बोलायचं असेल त्याला? असं काही त्यांना खऱ्या नाण्याकडे बघून कधी वाटलं नाही.

काकू म्हणायच्या, "लोकांचे नवरे पगार आणतात, माझा भंगार आणतो." पण डबे त्याच पुसायच्या.

मुलगी लहान होती तेव्हा या डब्यांतल्या एका डब्यावर तिचा हक्क होता. कुठल्याशा कुलुपाच्या कारखान्यात पत्र्याला भोकं पाडताना ज्या गोल चकत्या निघत, त्या नाण्याएवढ्याच असायच्या, वजनालाही तंतोतंत. फोन त्या डोळे मिटून गिळायचा. कारखान्यातल्या लोकांनी खिसे भरभरून त्या वापरल्या आणि काकांकडे त्यांचा ढीग जमला. त्यातल्या मूठभर मुलीला मिळाल्या, आणि ती त्यांचं दुकान मांडायची. खऱ्या नाण्यावर राजाचं तोंड असतं, मग आपल्या नाण्यावर का नाही, म्हणून तिनं कंपासच्या टोकानं प्रत्येक चकतीवर एक एक तोंड कोरलं. एक हसरं. एक रडकं. एकाची जीभ बाहेर. एकाला एकच डोळा, कारण दुसरा कोरताना कंपास घसरला होता.

"हे कोण?" काका विचारायचे.

"हा आमचा राजा. तो डोळा मारतोय."

"राजे डोळा मारत नाहीत गं."

"आमचा मारतो. म्हणून तर त्याचं नाणं चालत नाही."

काका हसून हसून बेजार व्हायचे. त्या वयातल्या पोरीला आपला धंदा इतका कळला, याचंच त्यांना कौतुक.

तीच पोर मोठी झाली आणि एक दिवस म्हणाली, मी लग्न ठरवलंय. मुलगा फिरत्या नाटक मंडळीत दिवे लावायचा. आज या गावात तंबू, उद्या त्या गावात. घर म्हणाल तर एक ट्रंक.

"दिवे लावतो म्हणजे काय करतो?" काकांनी विचारलं.

"म्हणजे उजेड पाडतो, बाबा. कुणावर किती पाडायचा, कधी काढून घ्यायचा."

"आणि नाटक संपल्यावर? अंधारच ना?"

"तुम्ही लोकांचे गल्ले रिकामे करत हिंडता, त्याला मी कधी हसले का?"

हे वर्मी लागलं. बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर काकांनी उडवून लावलं असतं, पण ज्या पोरीनं राजाला डोळा मारायला लावला तिच्या तोंडून ते आलं. ते उठून उभे राहिले, दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, "या दारातून त्याच्याकडे गेलीस तर परत यायचं नाही. फोनसुद्धा करायचा नाही."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. जन्मभर लोकांनी फोन करावेत म्हणून राबलेला माणूस, आणि त्यानं हे म्हणावं. पण शब्द बाहेर पडला होता, आणि काकांचा एक स्वभाव होता, की बाहेर पडलेला शब्द त्यांना आत घेता येत नसे. मुलगी गेली. काकू भांडी जरा जास्त जोरात घासायला लागल्या, इतकंच.

ती गेली आणि थोड्याच दिवसांनी, कालव्याच्या पुलाजवळच्या खोक्यातला गल्ला पिशवीत ओतताना बद्द आवाज आला. काकांनी सवयीनं हात घातला. चकती निघाली. तिच्यावर दोन डोळे आणि हसरं तोंड.

ते खोक्यातच खाली बसले. बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली तेव्हा भानावर आले. मग त्यांनी गुडघ्यावर पिशवी उपडी केली आणि एक एक नाणं बोटाखालून घातलं. रडकं तोंड सापडलं. जीभ काढलेलं सापडलं.

म्हणजे पोरीनं जाताना आपला डबा नेला होता. म्हणजे ती याच शहरात होती, पुलाच्या आसपास कुठेतरी, आणि तिच्या हाताशी काही नव्हतं. आणि ती फोन कुणाला करणार? घरी खात्यानं दिलेला फोन होता. काका कामावर असताना आईशी बोलत असणार. त्यांनी मनाई केली होती आणि मायलेकींनी ती मनाई धाब्यावर बसवली होती. इतकं बरं त्यांना किती दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी येऊन ते काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "काय झालं? शेंबूड लागलाय का मला?"

"काही नाही," काका म्हणाले. विचारावं असं ओठावर आलं होतं. पण विचारलं तर तिला कबूल करावं लागणार, मग आपल्याला रागवावं लागणार, नाही रागावलो तर शब्द मागे घेतल्यासारखं होणार. त्यापेक्षा चाललंय ते बरं चाललंय. त्यांनी मूग गिळले.

पुढच्या काही फेऱ्यांत आणखी चकत्या निघाल्या. एकडोळ्या राजाही आला. काका त्या खिशात ठेवत, चालताना बोटांनी चाचपत. फोन दुरुस्त करणारा मिस्त्री त्यांचा जुना दोस्त. एका फोनमध्ये वरचेवर खोटं सापडलं तर मिस्त्रीला सांगायचं आणि त्यानं आतला काटा आवळायचा, म्हणजे फोन खोटं गिळत नाही, असा नियम होता. तो म्हणाला, "पुलाजवळचा फोन खोटं खातोय म्हणे. आवळू का काटा?"

"राहू दे. तिथलं मी बघतो."

"नात्यातला आहे का फोन?" मिस्त्री म्हणाला.

"तसंच समज."

मग एक फेरी अशी आली, की पुलाजवळच्या गल्ल्यात एकही चकती नव्हती. सगळी नाणी खरी. काकांनी पिशवी दोनदा धुंडाळली. तिच्या चकत्या संपल्या. संपणारच, मूठभर तर होत्या, आणि त्या सगळ्या आता यांच्या खिशात. ते खोक्यात उभे राहिले आणि त्यांची नजर फोनच्या खालच्या वाटीवर गेली. फोन लागला नाही की नाणं खडखडत या वाटीत परत येतं. परतीची वाटी म्हणायचे तिला. काकांनी इकडे तिकडे पाहिलं, खिशातल्या सगळ्या चकत्या काढल्या आणि वाटीत ठेवल्या. पुढचे दिवस त्यांचा जीव टांगणीला लागला. पुढच्या फेरीला ते पुलाकडे जवळजवळ पळतच गेले.

वाटी रिकामी होती. गल्ला ओतला. बद्द, बद्द, बद्द. हसरा, रडका, जिभेवाला, डोळा मारणारा राजा, सगळे आले.

काका हसले आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, दोन्ही एकदमच. तिला कळलं होतं. दुसरं कुणाला कळणार? गल्ल्यातून वाटीत नाणं आणू शकणारा माणूस एकच. तिनं ओळखलं आणि घेतलं. बापलेकीचं बोलणं सुरू झालं होतं, शब्दावाचून. शब्द तसाही काकांना कधी धार्जिणा नव्हता.

त्यानंतर वर्षानुवर्षं हे चाललं. काका गल्ल्यातून काढत आणि वाटीत ठेवत. त्यांनी फेऱ्या बदलून घेतल्या नाहीत, बढतीची टेबलावरची जागा आली तीही नाकारली. मिस्त्री म्हणाला, "वेडा आहेस का? पंख्याखाली बसायचं सोडून उन्हात?" काका म्हणाले, "पंख्यानं मला सर्दी होते."

एकदा वाटीत त्यांना एक गोळी मिळाली, लिंबाची, पिवळ्या कागदात. कुणी विसरलेली नव्हे, नीट मधोमध ठेवलेली. त्यांनी ती खाल्ली नाही. घरी आणून संग्रहात ठेवली, आणि मुंग्या लागल्या तेव्हा काकूंनी डोकं धरलं. "आता खाऊचाही संग्रह का? उद्या माझ्या पोळ्या ठेवाल." काका गालातल्या गालात हसले. तुला काय सांगू, असं त्यांच्या मनात आलं. कागद त्यांनी धुऊन ठेवला.

घरात काकूंचं एक स्टूल होतं, फोनजवळ भिंतीला लागून. दुपारचं आवरलं की त्या त्यावर बसत. भाजी निवडत, उसवलेलं शिवत. सुट्टीच्या दिवशी काका घरी असत तरी त्या तिथेच. तहान लागली तरी उठायच्या नाहीत, काकांना म्हणायच्या, "अहो, जरा पाणी आणता का?" चार पावलांवर स्वयंपाकघर. काका पाणी आणून देत आणि म्हणत, "घ्या, राणीसरकार." मग आपण आहोत तोवर लेक फोन करायला धजायची नाही, हे ओळखून ते चपला घालत. "मी जरा पाय मोकळे करून येतो." ऊन असो, पाऊस असो. तास दीड तास बाजारात, बागेत, कुठेही काढत. परत येत तेव्हा काकू स्टुलावरच असत, कधी कधी डोळे लाल झालेले. पोटभर बोलणं झालं वाटतं, असं काका मनाशी म्हणत आणि त्यांना आपल्या समजूतदारपणाचं बरं वाटत असे.

फक्त एकदा त्यांनी स्वतः फोन उचलला. तापानं फणफणून घरी पडले होते आणि काकू औषध आणायला गेल्या होत्या. फोन वाजला. काका भिंत धरत धरत गेले. "हॅलो," म्हणाले. पलीकडून कुणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता, आणि श्वासामागे वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज. त्यांना कळलं कोण आहे. काहीतरी बोलावं वाटलं, पण बोललो आणि पोर घाबरली तर? पुन्हा फोनच केला नाही तर? आईसाठी केलाय तिनं, आईलाच मिळू दे. त्यांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला, झोपलेलं मूल खाली ठेवावं इतक्या हलक्या हातानं. मग अंथरुणावर येऊन पडले. काकूंना काही सांगितलं नाही.

पुढे लोकांच्या घरोघरी फोन आले, मग खिशाखिशात आले. खोकी एक एक करून उचलली गेली. काकांची निवृत्ती जवळ आली तेव्हा पुलाजवळचं खोकं शेवटच्या काहींत होतं. शेवटच्या फेरीला त्यांनी चकत्या गल्ल्यातून काढल्या आणि वाटीत न ठेवता घरी आणल्या. वापरून वापरून त्यांच्यावरची तोंडं पुसट झाली होती. राजाचा एकुलता एक डोळा बोटालाच काय तो लागत होता. तिच्याकडेही आता स्वतःचा फोन असेल, असं काका धरून चालले. काकू दुपारी स्टुलावर बसतच होत्या, आणि काका दुपारी पाय मोकळे करायला जातच होते.

काकू गेल्या त्या हृदयाच्या दुखण्यानं. इस्पितळात शेवटी शेवटी त्या अर्धवट गुंगीत असत. एकदा डोळे उघडून म्हणाल्या, "फोन वाजला का हो?"

"वाजेल," काका म्हणाले. इस्पितळाच्या खोलीत कुठला आलाय फोन, असं त्यांच्या मनात आलं, पण म्हणाले नाहीत.

त्या गेल्यावर काका घरी फोनची वाट बघत राहिले. आई उचलत नाही म्हटल्यावर पोर कासावीस होऊन पुन्हा पुन्हा करेल. पण फोन वाजला नाही. काकूंच्या सामानात नंबर शोधला, सापडला नाही. तोंडपाठच असणार, त्यांनी मनाशी म्हटलं. शेवटी शेजारच्या नर्सबाईंनी याला विचार, त्याला विचार करत नाटक मंडळीतल्या कुणाकडून मुलीचा पत्ता लावला. फोन त्यांनीच केला. "येते म्हणाली," त्या म्हणाल्या. "फार रडली हो. आई गेल्याचं तिला काहीच माहीत नव्हतं."

आणि आज ती येणार होती. काकांना एकच गोष्ट हवी होती. तिनं तो डबा बघावा आणि म्हणावं, मला ठाऊक होतं बाबा, तुम्हीच होता ते. त्यापुढे माफी द्यावी न द्यावी, तिची मर्जी.

ती दुपारी आली. केस पिकलेले, अंगानं आईसारखी झालेली, उंबऱ्यात क्षणभर थांबली आणि मग आत आली. काकांनी स्वतः चहा केला. चहात साखर दोनदा पडली होती. ती तो तसाच प्यायली. घरभर नजर फिरवत राहिली आणि फोनजवळच्या स्टुलावर येऊन तिची नजर थांबली.

"आई शेवटी काही म्हणाली?"

"फोन वाजला का, म्हणून विचारलं."

तिनं मान खाली घातली. काकांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं, डबा पुढे सरकवला आणि झाकण काढलं. तिनं आत पाहिलं. एक चकती उचलून उजेडात धरली, अंगठा फिरवला.

"अगं बाई. हा आमचा राजा ना?" ती म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली. "या कुठे सापडल्या तुम्हाला?"

"कुठे म्हणजे? गल्ल्यात. पुलाजवळच्या."

"हो, तिथूनच करायचे मी आईला. सुरुवातीला." ती चकती फिरवत राहिली. "बरं झालं, तुमच्या हाती पडल्या."

काका थांबले. मग त्यांनीच सांगितलं. "मी वाटीत ठेवायचो ना परत."

"कुठल्या वाटीत?"

"फोनच्या. परतीच्या. तुझ्यासाठी. तू घ्यायचीस, पुन्हा टाकायचीस. मी पुन्हा ठेवायचो." ते घाईनं बोलत होते. "आणि ती लिंबाची गोळी. तिचा कागद बघ, आहे अजून."

मुलीनं चकती डब्यात ठेवली. ती काही वेळ त्यांच्याकडे बघत होती, समजून घ्यायचा प्रयत्न करत असल्यासारखी.

"बाबा, मला वाटीत कधी काही मिळालं नाही. चकत्या संपल्या आणि त्याच आठवड्यात आमची मंडळी हलली. शेवटची टाकली तेव्हा आईला सांगितलं होतं, आता संपल्या गं, लांब चाललोय, जमेल तसा करीन. त्यानंतर मी या शहरात पाऊल ठेवलं ते आज."

"पण त्या गल्ल्यात यायच्या. दर फेरीला. किती वर्षं."

"दुसरं कुणीतरी वापरत असेल."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. काकांनी डब्यात पाहिलं. गुळगुळीत झालेल्या त्या चकत्या. कुणाच्या तरी बोटांनी ती तोंडं पुसली होती, आणि ती बोटं हिची नव्हती. कुणीतरी होतं, ज्याला दर आठवड्याला वाटीत चकत्या मिळत, ज्यानं एकदा उपकार स्मरून गोळी ठेवली.

"मग लांबून?" काका म्हणाले. "लांबून आईला करत असशील ना?"

"एकदा केला होता." तिचा आवाज बदलला. "खूप दिवस मनाशी घोकून. तुम्ही उचललात. मला वाटलं होतं, निदान कोण म्हणून विचाराल. तुम्ही ठेवून दिलात. मग म्हटलं, शब्दाचा पक्का माणूस आहे, फोनसुद्धा करू नको म्हणाला होता, नाही करायचा. पत्र लिहिलं असतं, पण आईला वाचता कुठे येत होतं? ते तुमच्याच हातात पडणार."

"तो आवाज," काका म्हणाले, "वाऱ्यासारखा."

"लांबचा फोन होता तो. तुम्हाला कळला नाही? फोनच्या खात्यातले तुम्ही."

काकांनी फोनच्या खात्यात सगळं आयुष्य काढलं, पण त्यांना त्यातलं कळत होतं ते गल्ल्यात पडणाऱ्या नाण्यापुरतं. तारेवरून काय येतं ते ऐकायची वेळ एकदाच आली होती, आणि तेव्हा त्यांनी फोन खाली ठेवला होता.

"तू घाबरू नयेस म्हणून ठेवला गं," ते म्हणाले. "तू आईसाठी केलायस म्हणून."

मुलगी उठली. स्टुलापाशी जाऊन उभी राहिली, त्याच्या लाकडावर हात ठेवला. लाकूड मधे खोलगट झालं होतं.

"आई इथे बसायची?"

"रोज दुपारी."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर जायचो. तुम्हाला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि ते कसं ऐकू येतंय ते काकांनाच कळलं. घरात फोन वाजतो की नाही, हे कळायला घरात असावं लागतं. काकू तिथे बसून न वाजणाऱ्या फोनकडे बघत होत्या आणि नवरा रोज चपला घालून निघून जात होता. तिला काय वाटलं असेल? याला फोनच्या आसपास बसणंसुद्धा सोसत नाही, असंच. एवढं वाटूनही बाई एका शब्दानं बोलली नाही. पाणी तेवढं मागायची.

मुलगी रडत होती, आवाज न करता. काकांना उठून तिच्याजवळ जायचं होतं. ते अर्धे उठले आणि टेबल धरून तसेच राहिले.

डोळे पुसून ती म्हणाली, "सांगायचं होतंत हो बाबा. एकदा तरी. आईला."

"हो," काका म्हणाले.

तिनं आईचा चष्मा घेतला आणि शिवणाचा डबा घेतला. चकत्यांचा डबा काकांनी पुढे केला, तेव्हा तिनं मान हलवली. "राहू दे. त्या आता माझ्या कुठे राहिल्या? ज्यानं वापरल्या त्याच्या." पण ते रागानं म्हटलेलं नव्हतं. पायात चपला सरकवून ती दारातच घुटमळली. याच दाराकडे एके काळी काकांनी बोट केलं होतं.

"पोचले की उद्या फोन करते," ती म्हणाली. "दुपारी करीन."

"मी असेन," काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "घरीच असेन."

दुसऱ्या दिवशी जेवण लवकर उरकून काका स्टुलावर जाऊन बसले. इतकी वर्षं या घरात राहून ते त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. तिथून खिडकी दिसत नाही, हे त्यांना आज समजलं. समोर नुसती भिंत, तिच्यावर एक रिकामा खिळा, आणि डाव्या हाताला फोन. पाठ टेकली तेव्हा भिंतीवरचा रंग जिथे उडाला होता तिथेच नेमकी टेकली. काकूंची पाठ जरा खाली टेकायची, एवढाच फरक. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. नर्सबाईंच्या घरातून कुकरची शिट्टी आली आणि काका दचकले, फोनच वाजला असं वाटून.

घसा कोरडा पडला होता. स्वयंपाकघर चार पावलांवर. ते उठले, दोन पावलं गेले, आणि तेवढ्यात वाजला तर, असं मनात येऊन थबकले. घरात पाणी आणून द्यायला कुणी नव्हतं. ते परत आले, स्टुलावर बसले आणि फोनकडे तोंड करून वाट बघू लागले.